बांडगूळ

झाडांच्या फांद्यांवर वाढणारे, जमिनीत मूळ नसलेले परोपजीवी झुडूप. चंदनाच्या गणातील या वनस्पतींच्या जगभरात सुमारे १,५०० जाती आहेत. (चंदनही शेजारच्या झाडांच्या मुळांतून पोषण घेते.) बांडगुळाची पाने हिरवी असतात आणि ते आपले बरेचसे अन्न स्वतः तयार करते; पाणी व क्षार मात्र आश्रय देणाऱ्या झाडाकडून घेते. म्हणून त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. अमरवेल, बंबाखू किंवा रॅफ्लेशिया या परोपजीवी वनस्पतींची गोष्ट वेगळी. त्यांचे जवळजवळ सगळेच पोषण दुसऱ्याच्या जिवावर चालते.

बांडगुळाचे बी रुजते ते पाहण्यासारखे असते. फुलटोच्यासारखे पक्षी फळे खातात, पण बियांभोवतीचा चिकट गर पचत नाही. विष्ठेतून लोंबणारे बी पक्षी फांदीला पुसतो आणि ते तिथेच चिकटते. त्यातून बारीक हिरवा कोंब निघतो आणि उजेडाकडे न जाता सालीकडे वळतो. साल लागताच त्याचे टोक चकतीसारखे पसरते आणि त्यातून शोषकमूळ आत घुसून झाडाच्या जलवाहिन्यांना भिडते. पुढचे सारे आयुष्य या एका सांध्यावर अवलंबून असते. बुटक्या बांडगुळांना पक्ष्यांची फारशी गरज नसते. त्यांचे फळ पाण्याच्या दाबाने फुटते आणि बी दहा मीटरहूनही लांब उडू शकते.

पाणी ओढून घेण्यासाठी बांडगूळ आपल्या पानांतून झाडापेक्षा जास्त बाष्पोत्सर्जन करते, दुष्काळातही. त्यामुळे बांडगुळाच्या पुढचा फांदीचा भाग अनेकदा वाळतो. युरोपातील बांडगुळाच्या पेशींत तर ऊर्जा तयार करणाऱ्या श्वसनसाखळीतील पहिले प्रथिनसंकुलच नाही, असे २०१८ साली स्पष्ट झाले. बहुपेशीय सजीवात हे अत्यंत दुर्मीळ आहे.

तरीही बांडगुळाला निव्वळ उपद्रवी ठरवणे अन्यायाचे आहे. ऑस्ट्रेलियातील काही वनखंडांतून ते काढून टाकल्यावर तीन वर्षांत तिथल्या पक्ष्यांच्या जाती सुमारे एक पंचमांशाने घटल्या, कारण त्याची फुले, फळे आणि गळलेली पाने यांवर बरेच जीव जगतात. फळबागेत मात्र ते काढावेच लागते. नुसते ओरबाडून उपयोग नाही. सालीखाली राहिलेल्या शोषकमुळातून ते पुन्हा फुटते. जिथे ते चिकटले असेल तिथून बरेच खाली, निरोगी लाकडात फांदी छाटावी लागते.