कर्करोग स्क्रीनिंग : पुरावाधिष्ठित धोरण व विमा

कोणतेही लक्षण नसलेल्या माणसांची कर्करोगासाठी केलेली चाळणी तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. कोणती तपासणी, कोणत्या वयात, किती वर्षांनी करावी आणि तिचा खर्च विम्याने उचलावा का, हे संशोधनातील पुराव्यावरून ठरवणे हा या धोरणाचा गाभा. विल्सन व युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडलेले, स्क्रीनिंग कधी योग्य हे ठरवणारे निकष आजही आधाराला घेतले जातात.

‘लवकर सापडला म्हणजे वाचला’ ही समजूत पुराव्यापुढे नेहमी टिकत नाही. एखाद्याला ६७व्या वर्षी खोकला सुरू झाला, फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि ७०व्या वर्षी तो गेला, तर तो निदानानंतर तीन वर्षे जगला. तोच रोग स्क्रीनिंगमध्ये ६३व्या वर्षी सापडला आणि मृत्यू ७०व्याच वर्षी आला, तर सात वर्षे. आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही. वाढला तो रोगी म्हणून जगण्याचा काळ. त्यामुळे ‘पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण’ जाहिरातीत शोभते, धोरणाला पुरत नाही. तेथे यादृच्छिक चाचणीत (चिठ्ठी टाकल्यासारखे लोकांचे गट पाडून केलेल्या तुलनात्मक अभ्यासात) मृत्यू घटले का, हे पाहावे लागते. अमेरिकेत सुमारे ५३,००० धूम्रपान करणाऱ्या व सोडलेल्यांवर झालेल्या चाचणीत (२०११) एक्स-रेच्या तुलनेत कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. उलट दक्षिण कोरियात सोनोग्राफीचा सपाटा लागला आणि २०११पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३च्या १५ पट झाले. मृत्युदर मात्र जवळपास तेथेच राहिला. एरवी कधीच त्रास न देणारा रोग असा शोधून काढणे, याला अतिनिदान म्हणतात. ज्यांची ग्रंथी काढली त्यांतील बहुतेकांच्या मागे जन्माची गोळी लागली.

पुरावा आणि पैसा यांची थेट सांगड अमेरिकेत घातली गेली. २०१०च्या आरोग्य कायद्यानुसार प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञ मंडळाने ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणी दिलेली, म्हणजे शिफारस केलेली, तपासणी बहुतेक खासगी विम्यांना रुग्णाकडून पैसे न घेता द्यावी लागते. त्यामुळे एका अक्षराला मोल आले. चाळिशीतील स्त्रियांच्या नियमित मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रेला) २००९मध्ये ‘सी’, म्हणजे ‘सरसकट नको, व्यक्ती पाहून ठरवा’, मिळताच गदारोळ झाला आणि संसदेने विम्यापुरती ती शिफारस बाजूला सारली. २०२४मध्ये टास्क फोर्सनेच ४०व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी तपासणीला ‘बी’ दिली. प्रोस्टेट कर्करोगासाठीच्या पीएसए या रक्तचाचणीची श्रेणी २०१२मध्ये ‘डी’, म्हणजे ‘करू नका’, होती. २०१८मध्ये ५५ ते ६९ वयासाठी ‘सी’ झाली.

खरी मेख पहिल्या तपासणीनंतर असते. मोफत म्हणून कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणीला) गेलेला माणूस भुलीतून जागा होई तोवर डॉक्टरांनी पॉलिप, म्हणजे आतड्यातली गाठ, काढलेला असे, बिलावरचा कोड ‘स्क्रीनिंग’वरून ‘उपचार’ झालेला असे आणि रक्कम त्याच्या माथी. पॉलिप काढणे हा स्क्रीनिंगचाच भाग आहे, असा खुलासा खासगी विम्यापुरता २०१३मध्ये झाला. शौचाच्या चाचणीत दोष दिसल्यावरची कोलोनोस्कोपी मोफत व्हायला २०२२ उजाडले. मॅमोग्राममध्ये संशय आल्यावर लागणारी बायॉप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) तेव्हाही यादीबाहेरच होती.