मूल्यसंबंध वेगळा, मूल्यनिर्णय वेगळा

पीएचडीच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, "तुम्ही स्वतः शेतकरी कुटुंबातले, मग हे संशोधन मूल्यनिरपेक्ष कसं?" मूल्यनिरपेक्ष म्हणजे स्वतःच्या चांगल्या-वाईटाच्या मतांपासून अलिप्त. या प्रश्नावर ठरलेलं उत्तर येतं, "पूर्ण निरपेक्ष कोणीच नसतं, सर." परीक्षक आणि विद्यार्थी दोघेही जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचा हवाला देतात आणि दोघेही चुकतात.

मूल्यनिर्णय म्हणजे अमुक चांगलं, तमुक व्हायला हवं. जे आहे त्यातून जे असावं ते आपोआप निघत नाही, हे अठराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ ह्यूमपासून सगळ्यांना पाठ आहे. त्यावर पानं भरू नका.

घोळ होतो तो मूल्यसंबंधात, म्हणजे अभ्यासविषयाचं आपल्या मूल्यांशी जे नातं असतं त्यात. ही कल्पना वेबरने जर्मन तत्त्वज्ञ रिकर्टकडून घेतली आणि १९०४च्या वस्तुनिष्ठतेवरच्या निबंधात सामाजिक शास्त्रांना लावली. वास्तव अफाट असतं. त्यातलं काय अभ्यासायचं हे आपल्याला काय मोलाचं वाटतं त्यावरूनच ठरतं. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या हा विषय निवडला, तिथेच मूल्यसंबंध आला. तो टाळता येत नाही, टाळायचं कारणही नाही. शेतकरी कोणाला म्हणायचं, हेही त्यातच येतं. सातबारा ज्याच्या नावावर तोच शेतकरी धरला, तर बटईने जमीन कसणारा गळतो आणि नावावर जमीन नसलेली, शेतात राबणारी बाईही गळते. एनसीआरबीने, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, २०१४च्या आकडेवारीपासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजले. त्यामुळे २०१३ आणि २०१४चे 'शेतकरी' आकडे तसेच शेजारी ठेवून घट दाखवणं साफ चूक आहे.

व्याख्या ठरली की मात्र मूल्यांनी बाजूला व्हायचं. त्या व्याख्येत किती मृत्यू बसतात, कर्जाशी त्यांचा कार्यकारणसंबंध लागतो का, याचं उत्तर कर्जमाफीच्या कट्टर विरोधकालाही पुरावा तपासून मान्य करावं लागेल, असंच हवं. संशोधक कोणत्या घरातला, याने त्यात फरक पडत नाही.

'कर्जमाफी द्यावी' हा मूल्यनिर्णय. 'बँकेच्या कर्जाची माफी सावकाराच्या कर्जाला लागू होत नाही, म्हणून सावकारी कर्जात बुडालेल्यांसाठी हा उपाय अपुरा आहे' हे शास्त्राचं वाक्य. साधन साध्याला पुरतं का, त्याची किंमत काय, दोन साध्यं एकमेकांच्या आड येतात का, इतकं शास्त्र सांगतं. साध्य स्वीकारायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

मधोमध उभं राहणं म्हणजेही निरपेक्षता नव्हे. मधला मार्ग टोकाच्या मतांपेक्षा तसूभरही जास्त शास्त्रीय नसतो, हे वेबरने त्याच निबंधात बजावलं आहे.

सर्वांत घातक असतो तो वर्णनाच्या वेषात आलेला निर्णय. १९०९मध्ये व्हिएन्नात जर्मन अर्थशास्त्रज्ञांच्या बैठकीत 'उत्पादकता' या संकल्पनेवरून वाद पेटला तो याचसाठी. आपल्या प्रबंधांत ती जागा 'विकसित' आणि 'मागास' यांनी घेतली आहे. असा शब्द दिसला की विचारा, मोजलं काय? दरडोई उत्पन्न, साक्षरता की बालमृत्यूदर? मोजमाप सांगता आलं तर शब्द खोडून तेच लिहा. नाही आलं तर अख्खं वाक्य काढून टाका.