कोबाल्ट नेमका बसलाय कुठे?

हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीच्या इंधन घटात ऑक्सिजनची अभिक्रिया घडवायला प्लॅटिनम लागतं, आणि ते महाग. म्हणून त्यात कोबाल्ट मिसळून संमिश्राचे तीन ते पाच नॅनोमीटरचे कण कार्बनच्या भुकटीवर पसरवतात. टोयोटाने 2014 साली बाजारात आणलेल्या मिराईत असाच उत्प्रेरक आहे.

फायदा केवळ पैशांचा नाही. कोबाल्टचा अणू लहान असतो. तो शेजारी आला की प्लॅटिनमचे अणू जवळजवळ सरकतात, ऑक्सिजनवरची त्यांची पकड किंचित सैल होते आणि अभिक्रियेचा वेग वाढतो. त्यासाठी कोबाल्ट कणाच्या आत मात्र हवा. रासायनिक विश्लेषण प्रमाण सांगतं, जागा सांगत नाही.

पहिली चाचणी क्ष-किरण विवर्तनाची: स्फटिकावर आपटून क्ष-किरण कोणत्या कोनांत विखुरतात, याचा आलेख काढायचा. शुद्ध प्लॅटिनमच्या स्फटिकातल्या एकक घनाची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान चौकटीची, कड 0.392 नॅनोमीटर असते. कोबाल्ट शिरला की ती आक्रसते आणि आलेखातलं शिखर मोठ्या कोनाकडे सरकतं. ते अपेक्षेपेक्षा कमी सरकलं, तर काही कोबाल्ट ऑक्साइड होऊन कार्बनवरच पडून राहिला असावा. असं ऑक्साइड अस्फटिकी, म्हणजे अणूंची नियमित मांडणी नसलेलं, असेल तर त्याचं शिखरही दिसत नाही. त्यामुळे एवढ्याच आलेखावरून ‘संमिश्र तयार झालं’ असं जाहीर करणं मला घाईचं वाटतं.

सर्वांत बोलकी चाचणी क्ष-किरण शोषणाची. तिला सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवून प्रखर क्ष-किरण मिळवणारं यंत्र, लागतो. भारतात ही सोय इंदूरच्या इंडस-2 वर आहे. इथे प्लॅटिनम आणि कोबाल्ट या दोघांचे शेजारी वेगवेगळे मोजता येतात. धातूच्या मोठ्या तुकड्यात प्रत्येक अणूला 12 शेजारी असतात. तीन प्लॅटिनमला एक कोबाल्ट या प्रमाणात सगळं नीट मिसळलं असेल, तर त्यांत सरासरी 9 प्लॅटिनमचे आणि 3 कोबाल्टचे. नॅनोकणात पृष्ठभागावरच्या अणूंना बाहेरच्या बाजूचे शेजारीच नसतात, म्हणून बेरीज घटते. प्लॅटिनमची बेरीज कोबाल्टपेक्षा कमी भरली, तर प्लॅटिनम कवचाकडे आणि कोबाल्ट गाभ्याकडे आहे, असा अर्थ निघतो. अणू न पाहता त्यांची जागा ओळखण्याची ही रीत मला विलक्षण सुंदर वाटते.

पण ही सरासरी झाली. नमुन्यात दोन जातींचे कण असतील तर ती फसवते. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा: अणुक्रमांक 78 असलेलं प्लॅटिनम उजळ दिसतं, 27 चा कोबाल्ट मंद.

शिवाय घटातल्या आम्लात पृष्ठभागावरचा कोबाल्ट विरघळतो आणि वर प्लॅटिनमचा थर उरतो. म्हणून आता शोषणाची मोजणी घट चालू असतानाच केली जाते.