हातशिलाईचा वाद: एलिझाबेथकालीन पोशाखांची पार्श्वभूमी

एलिझाबेथकालीन, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला पोशाख नाटकासाठी शिवायचा, तर लांबून भरजरी दिसला की भागायचं. पाठीला झिप, सगळीकडे मशीनची टीप. 1960च्या दशकात अमेरिकेत जुन्या काळचे पोशाख घालून जमणाऱ्या हौशी मंडळींचे मेळे सुरू झाले. तिथेही बराच काळ हाच खाक्या होता.

वळण आलं 1985 मध्ये. 1560 ते 1620 या काळातले जे थोडे कपडे संग्रहालयांत आणि थडग्यांत टिकले, ते मोजून काढलेले बेतण्याचे नमुने छापून आले. त्यात घेराच्या टोकाला बिनदिक्कत दिलेले जोड दिसले. कापड महाग होतं. माद्रिदमध्ये 1580 साली निघालेलं शिंप्याचं पुस्तकही मुख्यतः थोड्या कापडात कपडा बेतायचा कसा, हेच दाखवतं.

खरी वादावादी झाली ती 1997 नंतर. लंडनमध्ये थेम्सकाठी नव्यानं बांधलेल्या जुन्या धाटणीच्या नाट्यगृहानं काही नाटकांचे पोशाख, अगदी आतल्या कपड्यांसकट, हातानं शिवून घ्यायचं ठरवलं. प्रेक्षकाला न दिसणाऱ्या शिवणीवर एवढा वेळ आणि पैसा कशाला, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. हौशी मंडळींनी त्यावर तोडगाही काढला: दिसेल ते हातानं, झाकेल ते मशीननं. पण या तोडग्यात शिवण्याचा क्रमच बदलतो. त्या काळी अनेक कपड्यांत प्रत्येक तुकड्याला आधी अस्तर लावत, कडा आत दुमडून पक्क्या करत आणि मग दोन तयार कडा भिडवून मेण लावलेल्या दोऱ्यानं बारीक तिरके टाके घालत. असा सांधा जवळजवळ सपाट बसतो, आणि कपडा उसवून पुन्हा बेतता येतो. मशीनला आधी शिवण, मग अस्तर असा उलटा क्रम लागतो. जाड थरांची शिवण फुगते आणि कंबरेचा बाक बिघडतो. म्हणजे आतली शिवण बाहेरूनही कळते, फक्त बघायची सवय हवी.

त्याच नाट्यगृहाचं हातशिलाईचं एक नाटक 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं. प्रयोगाआधी नटांना रंगमंचावरच, लोकांसमोर कपडे चढवत. पुढच्या वर्षी तिथला वेशभूषेचा मोठा पुरस्कार त्यालाच मिळाला.

दरम्यान 2008 मध्ये नुसत्या लिननच्या कपड्यांचे नमुने आले. नवशिक्याला आता आतल्या झग्यापासून सुरुवात करता येते: चौकोन-त्रिकोण कापायचे, काखेत चौकोनी तुकडा बसवायचा. रफला, म्हणजे गळ्याभोवतीच्या चुणीदार कॉलरला मात्र चिकाटी लागते. तलम लिननच्या लांबलचक पट्ट्या, बारीक दुमड, चुण्या, आणि दर धुण्यानंतर पुन्हा खळ.