बाणांची माहिती नेहमीच्या डेटाबेसमध्ये
ग्राहकांसाठी माहितीपत्रक: डायरेक्टेड ग्राफ कसा साठवतो, कसा शोधतो

यंत्राच्या सुट्या भागांची यादी, कोणतं काम कशानंतर करायचं याचा क्रम, कोणत्या अभ्यासक्रमाआधी कोणता पूर्ण हवा याच्या अटी. अशी माहिती असली की ग्राहक आधी विचारतात, ‘यासाठी वेगळा ग्राफ डेटाबेस घ्यावा लागेल का?’ बहुतेक वेळा लागत नाही. तुमचं वेब अ‍ॅप्लिकेशन पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल अशा ज्या नेहमीच्या, टेबलांच्या डेटाबेसवर चालतं, तिथेच हे काम चांगलं होतं. फक्त टेबलं आखतानाच काही गोष्टी पक्क्या कराव्या लागतात, आणि त्यातल्या काही तुम्हीच सांगू शकता.

डायरेक्टेड ग्राफ म्हणजे नोड (इथे प्रत्येक भाग हा एक नोड) आणि त्यांना जोडणारे, दिशा असलेले बाण. पंपात मोटर असते, मोटरमध्ये पंप नसतो. प्रत्येक भागाला एकच पालक असता तर ‘पालक’ हा एक कॉलम पुरला असता. पण तेच बेअरिंग मोटरमध्येही बसतं आणि गिअरबॉक्समध्येही. म्हणून आम्ही दोन टेबलं करतो: एक नोडचं, एक बाणांचं. बाणांच्या टेबलात ‘कुठून’, ‘कुठे’ आणि त्या बाणाची स्वतःची माहिती, म्हणजे इथे नगसंख्या. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ मिळून प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, त्यामुळे तोच बाण दोनदा शिरत नाही.

या कीमुळे ‘पंपात काय काय आहे’ हे झटकन सापडतं. ‘हे बेअरिंग कुठे कुठे वापरलंय’ या उलट्या प्रश्नाला ‘कुठे’पासून सुरू होणारा दुसरा इंडेक्स, म्हणजे झटकन शोधण्याची सूची, हवा. पोस्टग्रेस फॉरेन कीच्या, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या, कॉलमवर इंडेक्स आपोआप बनवत नाही, आणि हा इंडेक्स राहून गेला की माहिती वाढल्यावर नेमका तोच स्क्रीन रखडतो.

खालपर्यंतचे सगळे भाग काढायला कोडमधून प्रत्येक नोडसाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी (प्रश्न) पाठवणं आम्ही टाळतो. हजार नोड म्हणजे डेटाबेसकडे हजार फेऱ्या. त्याऐवजी ‘विथ रिकर्सिव्ह’, म्हणजे मिळालेल्या ओळींवरून पुढच्या ओळी शोधत जाणारी रचना, वापरून एकाच क्वेरीत काम होतं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या १९९९च्या प्रमाणकात ही सोय आली. पोस्टग्रेसमध्ये २००९ साली ८.४ आवृत्तीपासून, मायएसक्यूएलमध्ये २०१८च्या ८.० पासून ती आहे. तुमचा सर्व्हर अजून मायएसक्यूएल ५.७ वर असेल तर आधी तो अपग्रेड करा, असा आमचा आग्रह राहील.

या क्वेरीत एक जागा फार जपावी लागते. एका पंपात एक मोटर आणि एक गिअरबॉक्स आहे, दोन्हींत तेच बेअरिंग दोन-दोन लागतं. म्हणजे एकूण चार. क्वेरीत नुसतं ‘युनियन’ लिहिलं तर ‘बेअरिंग, २’ अशा दोन सारख्या ओळींची एकच होते आणि बेरीज दोन येते. कुठलीही एरर दिसत नाही, खरेदीची यादी मात्र चुकते. सारख्या ओळीही तशाच ठेवणाऱ्या ‘युनियन ऑल’ने बेरीज बरोबर येते, पण माहितीत चक्र असेल, म्हणजे बाण फिरून मूळ नोडवर येत असेल, तर क्वेरी गोल गोल फिरत राहते. म्हणून आम्ही ‘युनियन ऑल’ वापरतो आणि प्रत्येक ओळीसोबत आतापर्यंतची वाट नेतो. वाटेतला नोड पुन्हा भेटला की तिथे थांबतो. पोस्टग्रेस १४ पासून यासाठी ‘सायकल’ हे स्वतंत्र कलमच मिळतं.

चक्र मुळात शिरूच द्यायचं नसेल तर नवा बाण जोडण्याआधी तपासणी होते: ‘क’कडून ‘ख’कडे बाण जोडायचा, तर ‘ख’पासून ‘क’पर्यंत आधीच वाट आहे का? पण वेबवर दोघंजण एकाच क्षणी ‘सेव्ह’ दाबतात. दोघांच्याही तपासण्या पास होतात आणि दोन बाण मिळून चक्र तयार होतं. त्यामुळे तपासणी आणि नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच होत नाही असा कामांचा गठ्ठा), त्या ग्राफपुरतं लॉक घेऊनच, म्हणजे तेवढा वेळ दुसऱ्याचा बदल थांबवूनच, झाली पाहिजे. इथे आम्ही तडजोड करत नाही.

वाचन प्रचंड आणि बदल क्वचित असतील तर कोणापासून कोणापर्यंत पोचता येतं त्या सगळ्या जोड्या आधीच काढून वेगळ्या टेबलात ठेवता येतात. उत्तर लगेच मिळतं, पण जागा लागते: १००० नोडच्या सरळ साखळीत बाण ९९९, तर जोड्या ४,९९,५००. शिवाय बाण काढताना दुसऱ्या वाटेने ती जोडी टिकते का, हेही पाहावं लागतं. गरज मोजून दिसल्याशिवाय आम्ही हे सुचवत नाही.

कोट्यवधी बाणांवर खोलवर, दर वेळी वेगळ्या आकाराचे शोध हेच तुमच्या अ‍ॅप्लिकेशनचं मुख्य काम असेल, तर मात्र ग्राफ डेटाबेसचा विचार जरूर करू.

काम सुरू होण्याआधी तुमच्या खऱ्या माहितीचा नमुना पाठवा, आणि तो सोपा निवडू नका. सर्वांत खोल साखळी आणि सर्वांत जास्त ठिकाणी वापरला जाणारा भाग त्यात असू द्या. सोबत एवढं कळवा: तुमच्या व्यवहारात चक्र चालतं का? रस्त्यांच्या जाळ्यात ते असायलाच हवं, सुट्या भागांच्या यादीत एकही नको.