सेन्सर चुकत नाही, आकडा चुकतो: डिजिटल चुंबक सेन्सरची सेटिंग

डिजिटल होकायंत्राची चिप गप्प क्वचितच बसते. तारा जोडल्या, सहा बाइट वाचले, की आकडा मिळतोच. तो बरोबर आहे का, हे मात्र चिप सांगत नाही. चिप खराब नसतानाही आकडे चुकतात ते बहुतेक वेळा दोनतीन रजिस्टरांमुळे, म्हणजे चिपमधल्या सेटिंग आणि डेटा ठेवण्याच्या क्रमांकित कप्प्यांमुळे. छोट्या प्रकल्पांत सर्रास दिसणारी एचएमसी५८८३एल ही चिप उदाहरणाला घेऊ.

पहिलं काम म्हणजे ओळखपरेड. आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर या चिपचा पत्ता ३०, म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) १ई. रजिस्टर १०, ११ आणि १२ वाचली की ७२, ५२, ५१ हे आकडे यायला हवेत. बसवर, म्हणजे या सामायिक तारांवर, पत्ता १३ सापडला, तर हातातली चिप बहुधा क्यूएमसी५८८३एल आहे. नावात एका अक्षराचा फरक, पण आतला नकाशा सगळाच वेगळा. तिचा डेटा शून्य क्रमांकाच्या रजिस्टरपासून सुरू होतो, अक्षांचा क्रम एक्स, वाय, झेड असा सरळ असतो आणि खालचा बाइट आधी येतो. वेग १०, ५०, १०० किंवा २०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी रीडिंग. तो, मोड आणि मापनपल्ला हे सगळं रजिस्टर ९ मध्येच ठरतं. रजिस्टर ११ मध्ये १ लिहायला विसरू नये. एकीचा प्रोग्राम दुसरीवर चालत नाही.

आता एचएमसी. रजिस्टर ० मध्ये दोन गोष्टी ठरतात: एका रीडिंगसाठी किती मापनांची सरासरी घ्यायची (१, २, ४ किंवा ८) आणि सेकंदाला किती रीडिंग द्यायची (०.७५ पासून ७५ पर्यंत सात पर्याय). आठांची सरासरी, १५ हर्ट्झ आणि साधं मापन हवं असेल तर बिट होतात ०१११००००, म्हणजे हेक्स ७०. आठांच्या सरासरीने यादृच्छिक गोंगाट आठच्या वर्गमुळाइतका, साधारण २.८ पट, कमी होतो. जवळच्या लोखंडी स्क्रूमुळे आलेला कायमचा सरकाव मात्र तिने तसूभरही हलत नाही. त्याला कॅलिब्रेशनच, म्हणजे सरकाव मोजून वजा करणंच, लागतं.

रजिस्टर १ मध्ये पल्ला असतो. सुरुवातीचं मूल्य हेक्स २०, म्हणजे ±१.३ गाउस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आणि दर गाउसला १०९० अंक, म्हणजे चिपच्या मोजणीच्या पायऱ्या. पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ०.२५ ते ०.६५ गाउस, तेव्हा हा पल्ला पुरतो. ४३६ अंक आले तर ४३६ भागिले १०९०, म्हणजे ०.४ गाउस किंवा ४० मायक्रोटेस्ला. पल्ला बदलल्यावरचं पहिलं मापन जुन्याच पल्ल्याचं असतं. ±४.७ गाउसवर दर गाउसला ३९० अंक मिळतात. तेच ४३६ अंक घाईने ३९० ने भागले तर १.१२ गाउस येतात. म्हणून बदलानंतरचं पहिलं रीडिंग टाकून द्यायचं.

रजिस्टर २ म्हणजे मोड. वीज दिल्यावर चिप एकेरी मापनाच्या मोडमध्ये असते: सुमारे ६ मिलिसेकंदांत एक मापन करते आणि स्वस्थ बसते. सेन्सर कितीही फिरवला तरी आकडा ढिम्म हलत नाही, ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते. सतत मापनासाठी या रजिस्टरमध्ये शून्य लिहावं लागतं.

आकडा गोठण्याचं दुसरं कारण जास्त फसवं आहे. डेटा रजिस्टर ३ ते ८ मध्ये असतो, वरचा बाइट आधी, पण अक्षांचा क्रम एक्स, झेड, वाय असा. होकायंत्राला दोनच अक्ष पुरतील म्हणून पहिले चारच बाइट वाचले, तर वाय समजून हाती झेड येतो. शिवाय वाचन अर्धवट राहिलं की चिप सहाही रजिस्टरं कुलूपबंद ठेवते, नवा डेटा आत येऊ देत नाही. म्हणजे चुकीचा अक्ष, तोही शिळा! सहाही बाइट एका दमात वाचावेत. १०० किलोबिटच्या बसवरही त्याला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो, काटकसरीचं काही कारण नाही.

दोन बाइट जोडून होणारा आकडा १६ बिटांचा, चिन्हासहित असतो. तो बिनचिन्ही धरला की उणे २० चे ६५५१६ होतात; हे निदान लगेच दिसतं तरी. उणे ४०९६ ही खूण मात्र सहज निसटते. तिचा अर्थ मापन पल्ल्याबाहेर गेलं, एवढाच. न तपासता भागाकार केला तर उणे ३.७६ गाउस असा पटण्याजोगा आकडा तयार होतो.

चिप १५ हर्ट्झवर आणि प्रोग्राम सेकंदाला २०० वेळा वाचतोय, तर तेच रीडिंग पुन्हापुन्हा हाती येतं. अशा दहा आकड्यांची सरासरी काढून गोंगाट घटत नाही, कारण आकडा मुळात एकच आहे. रजिस्टर ९ चा शेवटचा बिट १ झाला की मगच वाचावं. किंवा तयार-संकेताची पिन वापरावी. नवा डेटा आला की ती सुमारे २५० मायक्रोसेकंद खाली जाते.

राहता राहिला वेग. घरगुती विजेच्या तारांभोवती ५० किंवा ६० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं. १५ हर्ट्झने नमुने घेतले तर ५० हर्ट्झची लहर ५ हर्ट्झची बनून दिसते, कारण १५ ची जवळची पट ४५ आणि फरक ५. ६० हर्ट्झची गंमत आणखी वाईट: ६० ही १५ ची नेमकी चौपट, त्यामुळे ती लहर जवळजवळ स्थिर सरकाव असल्यासारखी बसते आणि चिपच्या घड्याळातल्या किंचित फरकाने हळूहळू वाहत राहते. एकदा अशी मिसळ झाली की नंतर कोणताही फिल्टर ती वेगळी काढू शकत नाही. ७५ हर्ट्झवर त्याच लहरी अनुक्रमे २५ आणि १५ हर्ट्झवर येतात. दिशा इतक्या झपाट्याने बदलत नसेल तर तिथे त्या गाळता येतात. संशय असेल तर सेन्सर जागचा न हलवता वेग १५ चा ३० करून पाहावा. ५ हर्ट्झची थरथर १० वर गेली, तर ती खरी हालचाल नव्हे, तारेतली वीज आहे.