रोही, रायफल आणि उमलणारी गोळी

हरभरा घाट्यावर आला की मराठवाड्यात राखणीचे दिवस सुरू होतात. झटका मशीन, बांधाला गुंडाळलेल्या जुन्या साड्या, फटाके, माळ्यावरची जागरणं. आणि एवढं करूनही सकाळी बघावं तर रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप वावर तुडवून गेलेला. मग पारावर बंदुकीचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न हमखास ‘बोअर केवढा?’, म्हणजे नळी किती रुंद, हाच असतो. खरं तर तो चौथा-पाचवा प्रश्न. त्याआधी विचारायला हवं ते हे, की गोळी अंगात शिरल्यावर तिचं काय होतं?

कायद्याचं आधी उरकून घेऊ. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. बीड-लातूरच्या माळावरच्या काळविटाला हात लावला तर तुरुंग ठरलेला. पिकाची नासधूस करणारा रोही किंवा रानडुक्कर मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीने मारता येतो. बिहारमध्ये मोकामा भागात २०१६ साली दोनशेवर रोही मारले गेले, त्यासाठी हैदराबादहून नेमबाज बोलावले होते. तेव्हा हरणांच्या शिकारीतून अमेरिका-युरोपात जे शास्त्र तयार झालं, ते आपल्याला अगदीच परकं नाही.

गोळीचं वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची १५० ग्रेनची गोळी, म्हणजे जेमतेम पावणेदहा ग्रॅमचा ऐवज, नळीतून सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगाने सुटते. तिची ऊर्जा साडेतीन हजार ज्यूलच्या घरात जाते. बारा बोअरच्या छऱ्यांच्या बंदुकीतला साडेतीन ग्रॅमचा छर्रा ४०० मीटर वेगाने निघाला, तरी त्याच्या वाट्याला २८० ज्यूलच येतात. त्यात तो गोल, त्यामुळे हवेत त्याचा वेग झपाट्याने पडतो. लांबून छर्रे झाडले की रोही पडत नाही. जखम घेऊन पळतो आणि काही दिवसांनी कुठल्यातरी ओढ्यात सडून मरतो. नुकसान कितीही झालेलं असो, याला मी क्रौर्यच म्हणेन.

पण नुसत्या ऊर्जेनेही काम होत नाही. जनावर मरतं ते रक्तस्रावाने. हृदय आणि फुप्फुसं फाटली की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते थोड्या वेळात कोसळतं. गोळीच्या नुसत्या ‘धक्क्याने’ रोही आडवा होतो, या पारावरच्या गोष्टी. लष्करी गोळीला पुढून संपूर्ण धातूचं कवच असतं. ती बरगड्यांमधून बारीक भोक पाडून पलीकडे जाते आणि पुष्कळशी ऊर्जा मागच्या मातीत घालवते. शिकारीच्या गोळीचं टोक उघड्या, मऊ शिशाचं किंवा पोकळ असतं. ओल्या मांसात शिरताच पुढून येणारा दाब ते टोक चेपून पसरवतो. व्यास दुप्पट झाला की समोरचं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे जखमेची वाटही तितकी रुंद.

अशा गोळ्या ब्रिटिशांनी १८९०च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनवल्या होत्या, माणसांवर झाडायला. पुढे १८९९च्या हेग परिषदेत युद्धात त्यांचा वापर निषिद्ध ठरला. गंमत म्हणजे इंग्लंडचाच १९९१चा हरीण कायदा उलट सांगतो: हरणावर मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी चालवा. मोठ्या हरणांसाठी नळीतून सुटताना किमान २,३०५ ज्यूल ऊर्जा हवी, असाही त्यात दंडक आहे. हरीण तडफडत राहू नये, एवढाच त्यामागचा हिशोब.

खरी मेख वेगात आहे. प्रत्येक गोळी ठरावीक वेगांच्या पट्ट्यातच नीट उमलते. बऱ्याच गोळ्यांची खालची मर्यादा सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास असते. लांबवर जाऊन वेग त्याखाली आला, तर मऊ टोकाची गोळीही लष्करी गोळीसारखी आरपार निघून जाते. उलट पन्नास मीटरवरून खांद्याच्या हाडावर बसली, तर पातळ कवचाची गोळी तिथेच फुटते आणि आत पोचतच नाही. आपल्याकडच्या परवानाधारकांच्या .३१५ रायफलची गोळी जड आणि तुलनेने संथ असते, तिचा नेम जवळूनच धरावा.

रोह्याच्या बाबतीत ही निवड आणखी अवघड. काळवीट चाळीस किलोच्या आसपास भरतं, तर थोराड रोही दोनशे किलोच्या पुढे जातो आणि नराच्या मानेवरचं, छातीवरचं कातडं भलतंच जाड असतं. टेक्सासमध्ये गेल्या शतकात आणून सोडलेले रोही आता रानोमाळ आहेत. तिथले शिकारी, स्थानिक हरणांना चालणारी मऊ गोळी बाजूला ठेवून, रोह्यासाठी मजबूत बांधणीची गोळी घेतात. अमेरिकेच्या जॉन नोस्लर यांनी १९४०च्या दशकात काढलेली तऱ्हा त्यातलीच: मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची आडभिंत, पुढचं शिसं पसरतं आणि मागचं शाबूत राहून खोल जातं. दुसरी तऱ्हा अख्ख्या तांब्याची. ती आत शिरली की टोकाच्या पाकळ्या पिकलेल्या कपाशीच्या बोंडासारख्या उलगडतात आणि वजन जवळपास सगळं टिकतं.

तांब्याकडे वळण्याचं मोठं कारण मात्र वेगळंच आहे. शिशाची गोळी आत फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून दूरवर मांसात विखुरतात. मारलेल्या हरणांच्या क्ष-किरण चित्रांत ते शेकड्यांनी दिसतात. कॅलिफोर्नियात १९८२ साली कॉन्डॉर गिधाडं फक्त २२ उरली होती. त्यांना पुन्हा रानात सोडल्यावरही ती अशी मढी खाऊन शिशाच्या विषाने मरत राहिली, म्हणून २०१९पासून तिथे शिकारीत शिसं पूर्ण बंद झालं. जपानच्या होक्काइदोत गरुडांसाठी हरणांवरच्या शिशाच्या गोळ्या २०००पासूनच बंद आहेत. आपल्याकडे गुरांना दिल्या गेलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने आधीच गिधाडांचा धुव्वा उडवलाय. मारलेला रोही नीट पुरला नाही, तर कोल्हे, घारी आणि उरलीसुरली गिधाडं त्यावर येणारच.

तांब्याच्या गोळीची अडचण एकच. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीतल्या आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा, पीळ कमी असेल तर हवेत डगमगते. त्यामुळे १५० ग्रेनऐवजी १३० ग्रेनची घेतात. ती वेगाने सुटते, उमलायला लागणारा वेग गाठते, आणि वजन टिकवून ठेवत असल्याने खोलही तेवढीच जाते.